‘वय झाले’ हे निदान नव्हे : शेतावरील वृद्ध कुत्र्याची ओळख आणि काळजी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेलगत माझ्या वडिलांचे शेत आहे. कपाशी आणि तूर ही तेथील मुख्य पिके. रानडुकरांचा उपद्रव इतका की पीक हाती येईपर्यंत एकही रात्र जागल चुकत नाही. या जागलीचा खरा भार दहा वर्षे शेरू नावाच्या कुत्र्याने वाहिला. शेरू कोणत्याही नोंदणीकृत जातीचा नव्हता. गावातल्याच कुत्रीचे ते पिलू. पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन अठरा-एकोणीस किलो भरत असे. वाऱ्याचा रोख पाहून तो बांधावर बसे आणि माणसाला चाहूल लागण्यापूर्वी बराच वेळ आधी कळपाकडे तोंड करून भुंकू लागे.

अकराव्या वर्षी, आषाढात मी सुट्टीवर गेले तेव्हा शेरू कोठ्याच्या सावलीत पडून होता. फाटकाच्या आवाजाने तो उठला नाही. जवळ गेल्यावर शेपूट हलवली, पण उठताना मागचे पाय लटपटले. रात्री डुकरे तुरीत शिरली तरी तो भुंकला नव्हता, असे कळले. वडील म्हणाले, “त्याचं वय झालं आता. माणसाचं होते, तसंच कुत्र्याचं.” मीही मान डोलावली. कीटकशास्त्रात संशोधन करून पदवी मिळवलेली, पानाच्या मागील बाजूची अंडी भिंगाने मोजणारी मी, त्या दिवशी शेरूच्या हिरड्यांचा रंगही पाहिला नाही.

दिवाळीत पुन्हा गेले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होते.

पुढे जे कळले त्याचा सारांश आरंभीच सांगते. शेरूच्या अशक्तपणाचा मोठा भाग वयामुळे नव्हता. तो गोचिडांमुळे होणारा, औषधाने आटोक्यात येणारा ताप होता. उरलेला भाग मात्र खरोखरच वार्धक्याचा होता आणि तो बरा होणारा नव्हता. या दोहोंतील भेद ओळखण्यात आमचे तीन महिने गेले. इतर कोणाचे जाऊ नयेत, यासाठी हा लेख.

वार्धक्य केव्हा सुरू होते?

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे’ हा हिशेब सोयीचा असला तरी बरोबर नाही. कुत्रा पहिल्या वर्षभरातच प्रजननक्षम होतो. त्यानंतर त्याच्या वाढत्या वयाची गती शरीराच्या आकारावर अवलंबून असते. मोठ्या शरीराच्या जाती लवकर वृद्ध होतात, लहान शरीराच्या उशिरा. म्हणून पशुवैद्यक एक सोपा नियम वापरतात : अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे वार्धक्य. आपल्याकडील मध्यम बांध्याच्या गावठी कुत्र्याच्या बाबतीत साधारणतः आठव्या-नवव्या वर्षापासून सावध राहणे इष्ट. मेंढपाळांच्या थोराड राखणदार कुत्र्यांच्या बाबतीत त्याहून एक-दोन वर्षे आधी.

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई अशा देशी श्वानजातींची नोंदणी केल्यापासून देशी कुत्र्यांच्या पैदाशीकडे लक्ष वळले आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु पिलाच्या निवडीबद्दल जितके बोलले जाते, त्याच्या अखेरच्या तीन-चार वर्षांबद्दल तितके बोलले जात नाही. शेतावरचा कुत्रा या काळातही कामावर असतो. त्याला निवृत्ती नसते. म्हणूनच त्याचे बिघडलेले काम हेच बहुधा पहिले लक्षण ठरते.

कोणते बदल वयाचे आणि कोणते व्याधीचे?

काही बदल वयानुसार येतात आणि ते आपण स्वीकारावयाचे असतात. तोंडावरचे केस पांढरे होतात. सातव्या-आठव्या वर्षानंतर डोळ्यांच्या बाहुलीत निळसर धुरकटपणा दिसतो. भिंगाचा गाभा घट्ट झाल्यामुळे तो येतो आणि दृष्टी फारशी बाधित होत नाही. मोतीबिंदू निराळा : त्यात बाहुली दुधासारखी पांढरी, अपारदर्शक होते आणि कुत्रा वस्तूंना धडकू लागतो. परीक्षेसाठी कपाशीच्या शेतात साधन शोधावे लागत नाही. कुत्र्याच्या समोर, थोड्या उंचीवरून कापसाचा बोळा सोडावा. त्याचा आवाज होत नाही, वासही फारसा येत नाही. कुत्र्याची नजर बोळ्याच्या मागे खाली गेली तर दिसते आहे असे समजावे.

ऐकू येणे कमी झाले की कुत्रा ‘हट्टी’ झाला असा गैरसमज होतो. तो झोपेत नसताना, त्याला दिसणार नाही अशा जागी उभे राहून टाळी वाजवावी. कान हलतात का ते पाहावे. पाय आपटून पाहू नये, कारण जमिनीचा कंप त्याला कानाविनाही कळतो. शेरू फाटकाच्या आवाजाने उठला नाही, त्याचे एक कारण हेच होते.

याउलट पुढील बदल ‘वयाचे’ म्हणून सोडून देऊ नयेत :

– पाणी फार पिणे आणि वारंवार लघवी करणे. निरोगी कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. हे प्रमाण १०० मिलिलिटरच्या पुढे जात असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा ग्रंथींचा विकार यांची शक्यता तपासावी लागते. मूत्रपिंडाची कार्यक्षमता सुमारे तीन-चतुर्थांश घटेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन वाढत नाही. म्हणून पाण्याचे माप हे रक्ततपासणीइतकेच मोलाचे आहे.

– नसबंदी न झालेल्या मादीत माजानंतर काही आठवड्यांत तहान वाढणे, सुस्ती, योनीतून स्राव. गर्भाशयात पू झाल्याचे हे चिन्ह असू शकते. ही तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

– नसबंदी न झालेल्या नराने शौचाच्या वेळी कुंथणे, लघवीतून रक्त. पुरःस्थ ग्रंथीची वाढ वृद्ध नरांत सर्रास आढळते आणि तिच्यावर उपचार आहेत.

– झोपेत श्वास जलद चालणे. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा अधिक श्वास सातत्याने भरत असतील, तर हृदय व फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

– उठताना अडखळणे, थंडीत अधिक आखडणे, पायरी टाळणे, मागच्या मांड्या बारीक होणे. ही सांधेदुखी होय. कुत्रा दुखण्याने क्वचितच ओरडतो. तो हालचाल कमी करतो. आपण त्याला ‘शांत झाला’ म्हणतो.

– तोंडाला दुर्गंधी, एका बाजूने चावणे, भाकरी तोंडातून खाली पडणे. भूक मेली असे वाटते. प्रत्यक्षात दात दुखत असतात.

– हिरड्या फिकट पडणे. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

शेवटची खूण आषाढात मी पाहिली असती, तर हा लेख वेगळा झाला असता.

वार्धक्याचे सोंग घेणारा ताप

दिवाळीत नाकातून रक्त आल्यावर पशुवैद्यकांनी पहिला प्रश्न विचारला : “शेतात उंदरांसाठी आमिष ठेवले होते का?” प्रश्न अचूक होता. ब्रोमॅडिओलोनसारखी उंदीरनाशके रक्त गोठण्याची क्रिया रोखतात आणि विषबाधा झालेला उंदीर खाल्ल्यास कुत्र्यालाही धोका संभवतो. आमच्याकडे आमिष नव्हते. मग त्यांनी शेरूचे कान उलटून दाखविले. कानाच्या घडीत आणि पायांच्या बोटांमध्ये तपकिरी गोचीड गच्च बसले होते. रक्ताच्या तपासणीत बिंबाणूंची संख्या फार कमी आढळली आणि एहर्लिकिया कॅनिस या जिवाणूच्या संसर्गाचे निदान झाले.

हा माझ्या विषयाच्या कुंपणालगतचा भाग. म्हणून थोडे विस्ताराने सांगते. गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळ्याच्या कुळातला, प्रौढावस्थेत आठ पायांचा जीव. ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस हा कुत्र्यावरील तपकिरी गोचीड भारतात सर्वत्र आढळतो. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी, नंतरची आठ पायांची अर्भकावस्था आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्था रक्त पितात. आणि प्रत्येक वेळी पोट भरले की कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, गोणपाटाखाली दडतात. मादी अशाच फटीत हजारो अंडी घालून मरते. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. आमच्या कोठ्याच्या कुडाच्या भिंतीत, छताच्या जवळ, मी विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा त्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. हा गोचीड वर चढतो. म्हणून जमिनीवर औषध टाकून मोकळे होणे पुरत नाही.

एहर्लिकियाचा संसर्ग तीव्र अवस्थेत ताप आणतो; पुढे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे, तो लक्षणांविना दबून राहतो आणि मग दीर्घकालीन अवस्थेत थकवा, वजन घटणे, फिकट हिरड्या, रक्तस्राव अशा रूपांनी प्रकट होतो. ही यादी पुन्हा वाचावी. रक्तस्राव वगळला तर म्हाताऱ्या कुत्र्याचे वर्णन म्हणून ती सहज खपेल. वृद्ध कुत्रा अंग चाटून, खाजवून स्वच्छ ठेवू शकत नाही. एकाच जागी, बहुधा त्याच भिंतीलगत, अधिक काळ पडून राहतो. म्हणजे वार्धक्य गोचिडांना वाट करून देते आणि गोचिडांचा ताप वार्धक्याचे रूप घेतो.

उपचार उपलब्ध आहे. डॉक्सिसायक्लिनचा सुमारे २८ दिवसांचा क्रम पशुवैद्यकाने ठरवून दिलेल्या मात्रेत पूर्ण करावा लागतो. शेरूने दुसऱ्या आठवड्यात भाकरी मागून खाल्ली. महिन्याभराने तो बांधापर्यंत चालत गेला.

गोचीड-नियंत्रणाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. पिकावरील कीटकनाशक, मग ते क्लोरपायरीफॉस असो वा सायपरमेथ्रिनचे पिकासाठीचे द्रावण, कुत्र्याच्या अंगावर कधीही ओतू नये. जनावरांचे गोचीडनाशकही अंदाजाने वापरू नये. जळके तेल, रॉकेल हे उपाय त्वचा भाजतात आणि कुत्रा ते चाटतो. वृद्ध कुत्र्याचे यकृत व मूत्रपिंड विष बाहेर टाकण्यास आधीच दुबळे झालेले असतात. तरुणपणी निभावलेली चूक या वयात प्राणघातक ठरू शकते. मानेवर टाकायचे थेंब किंवा पोटातून द्यायच्या गोळ्या वजनानुसार, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. कुत्र्याला झटके येत असल्यास ते आधी सांगावे. त्याच वेळी भिंतींच्या फटी लिंपणे, चुना देणे, गोणपाट उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवणे, ही कामे करावीत. गोचीड चिमट्याने, त्वचेलगत धरून सरळ ओढावा. उघड्या बोटांनी चिरडू नये, कारण हाच गोचीड माणसातही गोचीडताप पसरवू शकतो.

जे औषधाने परतले नाही

ताप गेला, शेरू सावरला. पण त्याचे कान परतले नाहीत, मागचे पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. आणि हिवाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तो रात्री उठून कोठ्याभोवती फेऱ्या घाली. दाराच्या बिजागराच्या बाजूला उभा राहून दार उघडण्याची वाट पाही. दिवसा मात्र झोपून असे. एकदा त्याने वडिलांवरच गुरगुर केली आणि लगेच शेपूट हलवली.

या अवस्थेला पशुवैद्यकशास्त्रात बोधक्षमतेचा ऱ्हास म्हणतात. माणसातील स्मृतिभ्रंशात मेंदूत जी प्रथिने साचतात, तत्सम बीटा-अमायलॉइड वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूतही साचते. लक्षणांचे गट पाच आहेत : दिशाभ्रम, माणसांशी व इतर प्राण्यांशी वागण्यात बदल, झोपेचे चक्र उलटे होणे, नको तेथे मलमूत्रविसर्जन, आणि हालचालीत बदल वा अकारण अस्वस्थता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील डेव्हिस येथील अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत यांपैकी किमान एका गटातील बदल आढळला होता. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. फक्त आपण तिला नाव देत नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेतील १५ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून असे दिसले की निष्क्रिय कुत्र्यांत हा ऱ्हास अधिक आढळतो. निष्क्रियतेमुळे ऱ्हास की ऱ्हासामुळे निष्क्रियता, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. तरी व्यवहाराचा बोध सरळ आहे : वृद्ध कुत्र्याचे काम कमी करावे, बंद करू नये. शेरूला आम्ही रात्रीच्या जागलीतून मोकळे केले. पण सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावरून संथ फेरी चालू ठेवली. तो प्रत्येक झुडपापाशी थांबे, हुंगे. आम्हीही थांबत असू. दृष्टी व श्रवण मंदावले तरी नाक बराच काळ साथ देते आणि हुंगणे हा त्याच्या मेंदूचा व्यायाम असतो.

बोधक्षमतेच्या ऱ्हासावर सेलेजिलिनसारखी औषधे काही कुत्र्यांत उपयोगी पडतात. ती सुरू करण्यापूर्वी वेदना, अंधत्व, बहिरेपण आणि मूत्रपिंडाचा विकार ही कारणे वगळली पाहिजेत. रात्री अस्वस्थ होणारा कुत्रा पुष्कळदा केवळ दुखण्यामुळे अस्वस्थ असतो.

सावधान : अचानक बदल म्हणजे वार्धक्य नव्हे

वार्धक्याचे बदल महिन्यांच्या मापाने येतात. दोन-चार दिवसांत स्वभाव पालटला, कुत्रा विनाकारण चावू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईनासे झाले, आवाज बदलला, तर ‘म्हातारपणी भ्रम झाला’ असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नये. रेबीजची शक्यता गृहीत धरून त्याला वेगळे ठेवावे आणि पशुवैद्यकास कळवावे. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तत्काळ आरोग्य केंद्र गाठावे. ‘आता म्हातारा झाला, लस कशाला?’ हा विचार घातक आहे. रेबीजची वार्षिक लस अखेरच्या वर्षापर्यंत चालू ठेवावी.

कोठ्यातील नोंदवही

गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावल्यावर एका रात्री पतंग सापडले म्हणून आपण फवारणी करीत नाही. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग ही पातळी पाहतो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आकड्यांचा कल महत्त्वाचा, हे आपण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तीच शिस्त मी शेरूसाठी आणली. खिळ्याला एक वही टांगली आणि वडिलांनी ती चालविली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सात नोंदी :

१. वजन. माणसाने कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे; मग एकट्याचे वजन वजा करावे.
२. तीन दिवसांचे पाणी, मोजून. त्याची रोजची सरासरी.
३. गाढ झोपेतील एका मिनिटाचे श्वास.
४. हिरड्यांचा रंग.
५. झोपेतून उठून चार पायांवर स्थिर होण्यास लागलेला वेळ.
६. कान, मान, बोटांच्या फटी यांतील गोचिडांची संख्या.
७. मागील महिन्यात करीत होता आणि या महिन्यात करीत नाही, अशी एक गोष्ट.

यास अर्धा तास लागतो. वजनात महिन्याभरात दहा टक्क्यांची घट किंवा पाण्यात दुपटीची वाढ दिसली, तर पुढच्या रविवारची वाट पाहू नये. पशुवैद्यकाकडे जाताना ही वही बरोबर न्यावी. ‘बरा नाही’ या दोन शब्दांपेक्षा तिचा उपयोग पुष्कळ अधिक होतो. मोबाईलवर उठण्या-चालण्याचे चित्रण केले तर उत्तम, कारण दवाखान्यातील भीतीने कुत्रा लंगडणे लपवितो.

शेतावरची व्यवस्था

शहरी घरासाठी सांगितले जाणारे उपाय शेतावर पुरत नाहीत. अंधुक दिसणाऱ्या कुत्र्याला येथे कठडा नसलेली विहीर आणि शेततळे यांचा सर्वांत मोठा धोका असतो. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावरून पाय घसरतो आणि वर चढता येत नाही. कुंपण शक्य नसेल तर एका कडेला गाठी मारलेला जाड दोर किंवा जाळी पाण्यापर्यंत सोडावी. ती रानातल्या इतर प्राण्यांनाही उपयोगी पडते.

फवारणीच्या दिवशी वृद्ध कुत्र्याला बांधून ठेवावे आणि द्रावणाच्या बादल्या झाकाव्यात. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला ट्रॅक्टरखालील सावली हे झोपण्याचे ठिकाण वाटते. चालू करण्यापूर्वी खाली वाकून पाहण्याची सवय सर्वांनाच लावावी. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नये. दचकून तो चावू शकतो. त्याच्याजवळ जमिनीवर हलकेच पाय आपटावा किंवा नाकापुढे हात धरून वास येऊ द्यावा. ऐकू येत होते तेव्हापासूनच शब्दाबरोबर हाताची खूण शिकविली असेल, तर या वयात तिचा उपयोग होतो.

झोपण्यास कडबा वा कापसाच्या सरक्या काढलेल्या जुन्या गादीवर दुहेरी गोणपाट घालावे. थंड फरशी टाळावी. पाण्याची भांडी दोन ठिकाणी, नेहमी त्याच जागी ठेवावीत. उन्हाळ्यात दुपारी फेरी नको. अंगणात रात्री मंद दिवा असावा. नखे झिजत नसल्याने वाढून वळतात. ती दर महिन्याला पाहावीत.

आहारात केवळ भाकरी-ताक पुरत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर वृद्ध कुत्र्याचे प्रथिन कमी करण्याचे कारण नाही. उलट घटणाऱ्या स्नायूंसाठी अंडी, शिजविलेली कोंबडी वा मासळी द्यावी. दिवसातून दोनदा मऊ, थोडे कोमट अन्न. कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे देऊ नयेत. कांदा-लसणामुळे तांबड्या पेशींना आणि द्राक्षांमुळे मूत्रपिंडाला इजा होते. द्राक्षबागायतदारांनी बागेत पडलेल्या घडांकडे विशेष लक्ष द्यावे.

आणि घरातील वेदनाशामक गोळी नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात व मूत्रपिंड निकामी होऊ शकते. पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांचा ऱ्हास झाला आणि २००६ मध्ये पशुचिकित्सेतील त्याच्या वापरावर भारतात बंदी आली, हे आपण जाणतोच. सांधेदुखीसाठी कुत्र्यांना योग्य अशी औषधे आहेत. ती पशुवैद्यकाने, शक्यतो मूत्रपिंडाची तपासणी करून, ठरवावीत.

शेवटचा निर्णय

उपचारानंतर शेरू एक वर्ष चार महिने जगला. त्यातील बहुतेक काळ बरा गेला. शेवटच्या दोन महिन्यांत वहीतील पाण्याचा आकडा चढत गेला, वजन उतरत गेले; तपासणीत मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे कळले. या टप्प्यावर कुटुंबात मतभेद होतात. कोणी म्हणतो ‘त्याला त्रास होतो आहे’, कोणी म्हणतो ‘काल तर शेपूट हलवली’. अमेरिकेतील पशुवैद्यक ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये सुचविलेली मोजपट्टी अशा वेळी आधार देते. वेदना व श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यावयाचे. दहा म्हणजे उत्तम. एकूण ३५ पेक्षा अधिक असेल तोवर शुश्रूषा चालू ठेवणे योग्य मानावे. आम्ही घरातील तिघांनी वेगवेगळे गुण दिले. तिघांचेही आकडे तिसऱ्या आठवड्यात ३५ च्या खाली गेले. वडिलांचा सर्वांत कमी होता.

वेदनामुक्त मृत्यू हा पशुवैद्यकाच्या हातूनच, भुलीच्या अतिमात्रेने दिला जावा. विष घालणे, दूर रानात वा महामार्गावर नेऊन सोडणे ही क्रूरता आहे. उपासमार वा तहान यांनी हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार अपराधही आहे. पशुवैद्यक शेतावर आले. शेरू त्याच्या गोणपाटावर होता, वडिलांचा हात त्याच्या मानेवर होता. बांधावरच्या पळसाखाली खोल खड्डा करून त्याला पुरले. औषधाचा अंश असलेला देह उघड्यावर टाकल्यास गिधाडे, कोल्हे यांना विषबाधा होते, म्हणून हे आवश्यक असते.

वहीच्या शेवटच्या पानावर, सातव्या नोंदीपुढे, वडिलांनी लिहिले होते : ‘मला पाहून उठला नाही.’

विस्तार कार्यकर्त्यांना विनंती

पशुवैद्यकीय सेवेपर्यंत पोहोचणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची सेवा अनेक राज्यांत उपलब्ध आहे. तेथे कुत्र्यासाठी कोणती मदत मिळू शकते, हे आपल्या भागापुरते एकदा विचारून ठेवावे. जिल्हा पातळीवरील पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात रक्ततपासणीची सोय कोणत्या दिवशी असते, तेही शेतकऱ्यांना सांगावे. शेतीशाळेत गोचीड-नियंत्रणाचा विषय निघतो तेव्हा गाई-म्हशींबरोबर कुत्र्याचाही उल्लेख करावा.

त्याहून सोपी एक गोष्ट आपण उद्यापासून करू शकता. पिकाची पाहणी करून परतताना कोठ्याच्या सावलीत पडलेल्या कुत्र्याकडे पाहावे आणि मालकाला एवढेच विचारावे : ‘तीन महिन्यांपूर्वी हा काय करीत होता, जे आज करीत नाही?’ उत्तर ‘त्याचे वय झाले’ असे आले, तर प्रश्न पुन्हा एकदा विचारावा आणि हिरड्या पाहाव्यात.